बारावा डबा

"खालच्या घाटपांडे काकूंकडचा डबा काही परत येत नाही," मी नवऱ्यापाशी कुरकुरले. "एवढ्या मोठ्या बाईला साधा डबा देता येत नाही?"

घरगुती मेतकूट विकायला काढलं, तेव्हा जाहिरातीला पैसे नव्हते. लग्नात आलेले स्टीलचे बारा डबे होते. भांड्यांवर नावं घालणाऱ्याकडून त्यांवर 'मेतकूट' आणि माझा फोन नंबर कोरून घेतला आणि भरून बिल्डिंगमध्ये वाटले. अकरा डबे आठवड्यात परत आले. रिकामा डबा देऊ नये म्हणून कुणी त्यात साखर घातली, कुणी शेंगदाणे. ऑर्डर मात्र एकीनेही दिली नाही.

मग मिरजेहून फोन आला. "मेतकूट मिळेल ना? नणंदेकडून लाडू आले, त्या डब्यावर तुमचा नंबर आहे." पंधरा दिवसांनी कराडहून आला. तिथे त्याच डब्यातून चिवडा पोचला होता.

तशीच खाली गेले आणि काकूंच्या पाया पडले.

"अगं, घरी परत आलेला डबा कोण बघतंय?" काकू म्हणाल्या. "मी तो भरलेलाच बहिणीला पाठवला. म्हटलं, ठेवून घेऊ नकोस, काहीतरी घालून पुढे दे."

"भरलेलाच? म्हणजे तुम्ही चाखलंसुद्धा नाही?"

"राहिलंच बघ."

दुसऱ्या दिवशी नवा डबा आणला, त्यावर काकूंचं नाव घातलं आणि गच्च मेतकूट भरून दिला.

"हा कुठे पाठवू?" त्यांनी विचारलं.

"हा घरातून हलवायचा नाही."