तुलनेचा नमुना

शुक्राणू तयार करणाऱ्या पेशींमधलं एंझाइम नीट काम करतं का, हे आमच्या लॅबमध्ये तपासतात; ते मेलेलं असेल तर पुरुषाला मूल होऊ शकत नाही. तुलनेसाठी एका निरोगी पुरुषाचा नमुना लागतो. दोन मुलांचा बाप म्हणून आमचे डॉक्टर पहिल्यापासून स्वतःचाच वापरत आले. रिपोर्ट देताना हसून म्हणायचे, "याचं एंझाइम अगदी माझ्याइतकंच काम करतंय. आता सूनबाईंना तपासून घ्या." पुरुषांच्या जिवात जीव यायचा आणि बायकांच्या मागे इंजेक्शनांचं शुक्लकाष्ठ लागायचं. एकीला तर नवऱ्याने कायमचं माहेरी धाडलं.

आज पहिल्यांदाच बाहेरून प्रमाणित नमुना मागवला होता. त्याच्या शेजारी डॉक्टरांचं एंझाइम जवळजवळ मेलेलं दिसलं. रसायन खराब असेल म्हणून मी नवी बाटली फोडली, तरी तेच. सकाळी आलेल्या तरुणाचंही तसंच.

डॉक्टर टेबलावरच्या आपल्या मुलांच्या फोटोकडे बघत राहिले.

"सर, म्हणजे आपण आजवर दिलेले सगळेच रिपोर्ट चुकलेत," मी म्हणाले.

त्यांनी फोटो पालथा घातला, कोट सारखा केला आणि बाहेर गेले. मीही त्यांच्या मागे गेले. बाकावर त्या तरुणाची आई सुनेला घेऊन बसली होती.

"काय निघालं हो डॉक्टर, माझ्या मुलाचं?"

"अगदी माझ्याइतकंच," डॉक्टर म्हणाले.

म्हातारी सावकाश सुनेकडे वळली. "ऐकलंस ना?"