खात्यावरचं दुसरं नाव

दोन हजार अकरा सालच्या मे महिन्यात बँकेतल्या अधिकाऱ्यानं तिचा कर्जाचा अर्ज तिच्याकडे परत सरकवला.

"तुमचं स्वतःचं काही थकलेलं नाही," तो म्हणाला. "पण या दुसऱ्या कार्डाचे सलग पाच महिने चुकलेत."

"माझ्याकडे दुसरं कार्डच नाही."

त्यानं संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. खातं सासूबाईंचं होतं. म्हणजे पूर्वीच्या सासूबाईंचं. घटस्फोटाला चार वर्षं होऊन गेली होती.

ती दातांच्या डॉक्टरांकडे मागच्या खोलीत बसून कवळ्या बनवायची. चौदा वर्षं तेच काम, म्हणून सगळे तिला कवळीवालीच म्हणत. डॉक्टर आता थकले होते. महिनाअखेर ती खोली, भट्टी आणि यंत्रं विकायची होती. "आधी तुला विचारतोय," ते म्हणाले होते. कर्ज मिळालं तर ते सगळं तिचं होणार होतं. नाहीतर ती नव्या मालकाची नोकर.

लग्न झालं तेव्हा तिच्या नावावर काही नव्हतं. सासूबाई मुख्याध्यापिका. कुणाचंही देणं एक दिवससुद्धा उशिरा द्यायचं नाही, असा खाक्या. त्यांनी आपल्या क्रेडिट कार्डावर सुनेचं नाव जोडून घेतलं. "माझ्या नावाला लागून राहा, बँक तुलाही शहाणी समजेल," म्हणाल्या. बँकेनं समजलंही. त्या जोरावर तिला हप्त्यानं स्कूटर मिळाली. घर सोडताना तिनं ते कार्ड कात्रीनं मधोमध कापून टेबलावर ठेवलं. तिला वाटलं, संपलं.

"कार्ड कापलंत हो, नाव कुठं कापलंत?" अधिकारी म्हणाला.

"मी त्यावर एक पैसा खर्च केलेला नाही."

"परतफेडीची नोंद ते विचारत नाही, बाई. त्यांची चांगली वर्षं तुम्हाला मिळाली, तसे हे पाच महिनेही मिळाले." त्यानं एक फॉर्म काढला. मूळ खातेदाराची सही हवी. नाव निघालं की चुकलेले महिने तिच्या नोंदीतून जातील. चांगली वर्षंही जातील. मग वर्ष-दीड वर्ष स्वतःच्या हप्त्यांवर नोंद उभी करायची आणि पुन्हा यायचं.

संध्याकाळी ती सासूबाईंकडे चार मजले चढली. म्हातारीचं डोकं फिरलं असेल, नाहीतर पैसे संपले असतील, असं तिच्या मनात येत होतं. दारात पोचल्यावर हाक काय मारावी ते सुचेना, म्हणून तिनं नुसतीच बेल वाजवली.

"आलीस," सासूबाई म्हणाल्या. "फार उशीर केलास."

ओट्यावर एकच कप उपडा होता. बँकेची पत्रं टेबलावर तारखेनुसार लावून, रबर घालून ठेवली होती.

"पैशांची अडचण आहे का?"

"पेन्शन येते की."

"मग विसरलात?"

"मुख्याध्यापिका होते मी. विसरायचं काम मुलांचं." त्या खुर्चीत टेकल्या. "तुझा नंबर बदललेला. घर बदललेलं. मुलाला विचारलं, तर म्हणतो, आई, आता कशाला तिचं नाव काढतेस. मग म्हटलं, भरायचंच बंद करू. कार्डावर तुझंही नाव आहे. बँक तुला पत्र पाठवेल. माणूस कुठंही असो, बँक हुडकून काढते."

पत्र तिला आलंच नव्हतं. बँकेनं गुपचूप नोंद तेवढी केली होती.

तिनं कर्जाचं सांगितलं. भट्टीचं सांगितलं. आवाज चढवायचं तिच्यात त्राण नव्हतं. सासूबाईंनी पत्रांचा गठ्ठा बाजूला सारला.

"मला वाटलं, बट्टा लागला तर माझ्याच नावाला लागेल," त्या म्हणाल्या. "तेवढा मी सोसणार होते."

चष्मा न शोधताच त्यांनी फॉर्मवर सही केली. मग तोंडाशी हात नेला.

"काम होतं, म्हणून बोलवायचं होतं तुला. कवळी सैल झालीय. तू केलेली. दुसऱ्या कुणापुढं तोंड उघडायचं नाही मला."

तिनं हात धुतले. त्यांना खिडकीशी बसवलं. दोन्ही बाजूंना अंगठा दाबून पाहिलं. पुन्हा एकदा पाहिलं.

"हो, सैल आहे," ती म्हणाली. "एका खेपेत नाही व्हायची. रविवारी येते."

फॉर्म तिनं दुसऱ्या दिवशी बँकेत दिला. सासूबाईंनी त्याच दिवशी सगळी थकबाकी भरली. डॉक्टरांची खोली आणि भट्टी दुसऱ्याच कुणी घेतली. दीड वर्ष ती त्याच्या हाताखाली राबली. कर्ज मिळालं तेव्हा तिच्या वाट्याला जिन्याखालची अंधारी जागा आली. तिथंच तिचे केस पांढरे झाले. डॉक्टर मुलीकडे राहायला गेले. अधिकारी बढती घेऊन दुसऱ्या गावी गेला. सासूबाईंचा मुलगा वाढदिवसाला आईला फोन करायचा. सासूबाई आणखी सहा वर्षं जगल्या, आणि सहा वर्षं दर रविवारी त्यांची कवळी तपासली गेली. ती कवळी त्या पहिल्या संध्याकाळीही तसूभर हलली नव्हती.