अजून एकतीस प्रश्न

"मुलगी आनंदी असते का?" सर्वेक्षणाला आलेल्या बाईंनी आईला विचारलं.

"तिलाच विचारा की," आई भाकरी थापत म्हणाली.

"अहो, तिला सेरेब्रल पाल्सी आहे. बोलता कुठं येतं?"

"बोटानं बोलते. वेळ लागतो. बसा."

आईनं पिठाच्या हातानंच नऊ वर्षांच्या लेकीपुढे जुना कॅरमबोर्ड ठेवला. त्यावर बाराखडी रंगवलेली होती. बोट भलत्याच अक्षरावर जायचं, परत यायचं. अकरा मिनिटांनी उत्तर पूर्ण झालं: 'कधी कधी. तुम्ही?'

बाईंनी घड्याळ पाहिलं. फॉर्ममध्ये अजून एकतीस प्रश्न होते. "बाकीचे तुम्हीच सांगा," असं म्हणत त्या पेन घेऊन आईकडे वळल्या.

बोट पुन्हा निघालं. या वेळी सहाच मिनिटं लागली.

'पुढचा प्रश्न.'

आईनं बाईंसाठीही एक भाकरी थापायला घेतली.