तळ्याकाठचा सत्कार

लव्हाळ्याच्या पातीत बोगदा कोरणारी अळी कुठल्या माशीची, हे नेत्रा खानोलकरला अखेर उमगलं. आजवर कुणीही न नोंदवलेली ती माशी फक्त धुरीवाडीच्या तळ्याकाठीच सापडली होती. बातमी कळताच गावानं तिचा सत्कार ठरवला.

गाडीतून उतरताच ती जागीच थिजली. तळ्याकाठी मांडव उभा होता आणि त्याच्या भोवतीची जमीन जळून काळी पडली होती.

"इथलं लव्हाळं कुठं गेलं?" तिनं कसंबसं विचारलं.

"तुमच्यासाठीच साफ केलं, ताई," सरपंचबाई म्हणाल्या. "पाहुण्यांना काय चिखल आणि गवत दाखवायचं? कापून जाळून टाकलं."

"थोडं तरी ठेवलंय ना?"

"एक काडी ठेवली नाही," बाईंनी अभिमानानं सांगितलं आणि तिच्या खांद्यांवर शाल पांघरली.