दुसरा डोळा

गणपतीचा डावा डोळा आखून झाला, तशी निशा स्टुलावरच जरा मागे सरली आणि म्हणाली, "बाबा, इथंच तर तो पळाला!"

"कोण गं?"

"माझ्या कादंबरीतला शास्त्रज्ञ." निशाने बी.ए.ला इंग्रजी घेतलेलं, आणि उद्या वर्गात एका जुन्या इंग्रजी कादंबरीवर तिला बोलायचं होतं. "मेलेल्यांचे हातपाय जोडून त्याने माणूस केला. खाणंपिणं सोडून खपला बिचारा. आणि त्या माणसाने डोळे उघडले मात्र, हा आपला ठोकतोय धूम! स्वतःच घडवलेलं, आणि त्याचीच भीती."

चांगदेव पोट धरून हसला. "त्यापेक्षा आपली पार्वती बरी. अंगाच्या मळाचा पोर केला, पण त्याच्यापायी महादेवाशी भांडली. तुझ्या त्या साहेबाला म्हणावं, ये एकदा भिवंडीला, चांगदेवच्या कारखान्यात. आपल्या हातचं कुणी असं टाकतं व्हय?"

निशाला केवढं बरं वाटलं! चांगदेवचा हात थरथरायला लागल्यापासून कारखान्यातल्या सगळ्या मूर्तींचे डोळे तीच आखत होती. थोरला भाऊ हितेश अंगाचा रंग फवारण्यात पटाईत, पण त्याने ब्रश धरला की भुवईची काठी व्हायची. "माझा हात पोरीत उतरलाय," चांगदेव घरात येताजाता सांगायचा. यंदा तर कशेळी गावच्या मंडळाच्या या मोठ्या मूर्तीखालच्या पाटीवर आपल्या नावाशेजारी तिचं नाव घालायचं त्याने कबूल केलं होतं. कॉलेजातल्या मैत्रिणींना घेऊन कशेळीला जायचं, हेही निशाने मनात ठरवून टाकलेलं.

वीज गेलेली. शेजारचे कापडाचे लूम गप्प होते, म्हणून गाडी थांबल्याचं लगेच कळलं. कशेळीच्या मंडळाचे अध्यक्ष केसरीनाथशेठ आत आले. गोदामांचे मालक, गळ्यात बोटाएवढी साखळी. त्यांनी आधी मूर्तीकडे बघितलं, मग स्टुलावरच्या निशाकडे.

"चांगदेव, ही पोरगी काय करते वर?"

"ती... ती..."

"आमच्या देवाच्या मुखाला बाईमाणसाचा हात? विटाळबिटाळ काय बघता का न्हाय? गावाला कळलं तर मूर्ती हितंच ऱ्हाईल हां. सांगून ठेवतो."

निशाच्या हातात ब्रश होता. ब्रशाला काळा रंग होता. आंधळ्यालाही कळलं असतं, अशी सगळी गोष्ट समोर उभी होती.

"न्हाय हो शेठ," चांगदेव म्हणाला, "ती नुसता... रंग कालवून देते. डोळे आमच्या हितेशचे."

निशाला राग मागाहून आला, आधी लाज वाटली. आपण जणू चोरून वर चढलो होतो!

"बाबा," ती हळूच म्हणाली, "तुम्हीपण पळालात?"

"कोण पळालं?" केसरीनाथशेठ वळले.

"काय न्हाय, शेठ. कॉलेजातलं कायतरी बडबडते."

"मग होऊ दे की दुसरा डोळा. आमच्यासमोरच होऊ दे."

कोपऱ्यात फवाऱ्याची नळी धुणारा हितेश ती आणखीच घासायला लागला. निशा खाली उतरली. तिने ब्रश त्याच्यापुढे धरला. "घे दादा. तुझे डोळे आहेत."

हितेशने बापाकडे बघितलं. बाप जमिनीकडे बघत होता. एवढं बोलून गेल्यावर आता वर कुठल्या तोंडाने बघणार? मग हितेश चढला. पापणीची रेघ काढता काढता त्याचा हात सरकला, बुबुळ वर चढलं. पुसायला गेला तर आणखी फराटा उठला. तो त्याने कसाबसा काळ्यात दडवला आणि घामाघूम होऊन उतरला. एक डोळा समोर बघत होता, दुसरा आढ्याकडे. बघून निशाला रडू आलं. त्या देवाने कुणाचं काय बिघडवलं होतं?

आता तरी बाबा बोलतील. कुणाचं काहीही खपवून घेतील, पण वाकडा डोळा त्यांनी जन्मात खपवून घेतला नव्हता. एका टीचभर मूर्तीच्या वाकड्या डोळ्यासाठी निशाने त्यांचा मार खाल्लेला होता. ती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली.

चांगदेवने मान वर केली. डोळा बघितला. त्याचे ओठ हललेही.

"वा!" केसरीनाथशेठ मध्येच म्हणाले आणि त्यांनी हितेशच्या पाठीवर थाप मारली. "बापाचा हात उतरलाय पोरात! चांगदेव, पाटीवर पोराचं नाव टाक. मोठ्या अक्षरांत टाक."

"टाकतो, शेठ," चांगदेव म्हणाला. मघाशी खोटं बोलताना तो अडखळला होता. आता अडखळला नाही.