मागच्याचं जाकीट

गास्पार कानुलचं नाव त्या पाटीवरून पुसलं गेलं, तर त्याचे तीन फायदे होते. एक, मुकादम त्याला पुन्हा परांचीवर चढू देणार होता. चौकात मेलेला म्हणून ज्याच्या नावाची पाटी लागलीय, त्याच्या शेजारी उभं राहून विटा रचायला बाकीचे गवंडी तयार नव्हते; दोन महिने तो खाली नुसता माल कालवत होता. दुसरा, बस त्या चौकातून गेली की बायको छातीवर क्रूस काढायची आणि तो खरंच शेजारी बसलाय ना म्हणून त्याला चिमटा काढायची, ते थांबणार होतं. तिसरा फायदा झोपेचा. झोपेत त्याला सायकलची घंटी ऐकू यायची. हे मात्र त्याने कुणाला सांगितलं नव्हतं.

खर्च काहीच नव्हता. टर्पेंटाइनचा बोळा सायकल क्लबची पोरगी आणणार होती.

रविवारी सकाळी ती आली. मिर्ना. मेरिदा शहराच्या रिंगरोडवर जिथे सायकलवाला मरतो, तिथे तिचा क्लब एक जुनी सायकल चाकांसकट पांढरी रंगवून खांबाला बांधतो आणि वर नावाची पाटी लावतो. रस्ता दोन पदरी होता तेव्हा सायकलवाले कडेने जायचे. आता तो सहा पदरी आहे, आणि कडच उरलेली नाही. क्लबला काम भरपूर.

मिर्नाने पाटीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"पाटीपेक्षा बरे दिसता, मिस्त्री."

"पाटीला जेवायला लागत नाही, बाई."

ती हसली आणि लगेच ओशाळली. "चूक आमचीच. पोलिसांनी सांगितलं, जाकिटावर नाव होतं, गाव होतं. आम्ही लिहून मोकळे झालो."

"पोलीस माझ्याकडेही आले होते. मी मेलो हे सांगायला. दार मीच उघडलं, हातात अर्धी खाल्लेली तोर्तिया."

"मग?"

"मग काय. म्हणाले, घरात बाईमाणूस आहे का?"

मिर्नाने बोळा बुडवला आणि पहिलं अक्षर पुसलं. दुसरं पुसलं. "गेला तो कोण होता? नाव सांगा, लगेच लिहिते."

"चोको."

"चोको तर ताबास्को राज्याकडच्या कुणालाही म्हणतात. खरं नाव?"

गास्पार सायकलच्या घंटीकडे बघत राहिला. तिच्यावरही पांढरा रंग बसला होता.

"किती दिवस ओळखत होता?"

"आठ महिने. तो दुसऱ्या इमारतीवर. संध्याकाळी पुलाखाली भेटायचो, फाट्यापर्यंत बरोबर जायचो. तिथून तो उजवीकडे."

"आठ महिन्यांत नाव नाही विचारलंत?"

"वाऱ्यात बोलता येत नाही, बाई. पुढचा घंटी वाजवायचा, मागचा वाजवायचा. म्हणजे आहे."

दोघांत जाकीट एकच होतं, चमकपट्ट्यांचं, गास्पारचं. जो मागे, जाकीट त्याच्या अंगात. मोटारींना पाठ त्याची दिसते. जो पुढे, तो उत्तरेचा वारा छातीवर घेणार. एक दिवस हा पुढे, एक दिवस तो. आठ महिन्यांत या हिशेबावरून त्यांचं एकदाही वाजलं नव्हतं.

"त्या दिवशी पुढची पाळी त्याची होती," गास्पार म्हणाला. "खोकत होता. म्हटलं, जाकीट घाल, मागं राहा, आजचा वारा मी घेतो. वाटेत मोजत होतो, हा आता मला एक दिवस देणं लागतो."

मिर्नाचा हात थांबला.

"चौकानंतर मी घंटी वाजवली. मागून काही नाही. वाटलं, वाऱ्यात ऐकू आलं नसेल. फाट्यावर पुन्हा वाजवली. वाटलं, न सांगताच वळला. मनातल्या मनात शिवीसुद्धा दिली. मान वळवली नाही."

एक कंटेनर गेला. पांढरी सायकल साखळीत जराशी हलली.

"त्याला पुरलंय तिथे काही लिहिलंय?"

"नंबर. जाऊन आलो."

"मग पाटी कोरी ठेवते," मिर्ना म्हणाली, आणि मग खरं ते बोलली. "पण बिननावाची सायकल रस्तेवाले ठेवत नाहीत. भंगार म्हणून उचलून नेतात. आमच्या दोन तशाच गेल्या."

गास्पारने तिच्या हातातला बोळा घेतला, नीट पिळला आणि डब्याच्या काठावर ठेवून दिला.

"पुसलेली अक्षरं परत लिही."

"तुमचंच नाव?"

"जाकिटावर होतं ते."

"आणि मुकादम? फोनवर तर म्हणालात—"

"खालीही माणसं लागतातच. जरा ठळक लिही, उन्हाने उडतंय."

तिने लिहिलं. त्याने जवळ जाऊन वाचलं, एका अक्षराची शेपूट आखूड झाली होती ती लांबवून घेतली, आणि आपली सायकल उचलून गावाकडे निघाला.

वारा समोरूनच होता. फाट्यावर त्याने घंटी वाजवली आणि पाय टेकून उभा राहिला. एक ट्रक गेला, दोन मोटारी गेल्या. मग चोकोच्या पाळीचा वाराही त्यानेच घेतला.