तळ्याकाठची मोटारबोट

"पुन्हा बंद," धोंडप्पा म्हणाले आणि त्यांनी किल्ली परत फिरवली. इंजिन दोनदा खोकलं आणि गप्प झालं.

बोट भेगाळलेल्या जमिनीवर, लाकडी ओंडक्यांवर उभी होती. पाणी पार तळ्याच्या मध्यावर, हिरव्या डबक्याएवढं उरलं होतं.

लातूर जिल्हा नवा झाला त्या साली ही सहा माणसांची बोट रेणापूरकडच्या या तळ्यावर सहलीसाठी आली. पुढच्या साली पाऊसच पडला नाही. तरी वरून हुकूम होता, बोट कायम चालू हालतीत पाहिजे, पाहुणे कधीही येतील. दर मंगळवारी राखण करणारी पंचफुलाबाई किल्ली फिरवून बघायची. इंजिन लागलं नाही की ऑफिसला चिठ्ठी जायची. मग भीमा मिस्त्री यायचा आणि त्याच्या मागं पाण्याचा टँकर. हे इंजिन कोरडं चालवलं तर आतल्या पंपाचं रबर जळतं. म्हणून दुरुस्तीनंतर त्याचा खाली लोंबणारा भाग पाण्याच्या पिंपात बुडवून ते अर्धा तास चालवून बघावं लागे.

नऊ आठवड्यांत सात बिघाड झाले. चौकशीला ओव्हरसीअर धोंडप्पांना पाठवलं.

धोंडप्पा निलंग्याचे. कोणतंही यंत्र उघडं दिसलं की त्यांना राहवत नसे. भीमा हातातली पेटी खाली ठेवतो न ठेवतो तोच ते शेजारी उकिडवे बसले.

"हे काय?"

"कार्बुरेटर, साहेब. पेट्रोल आन् हवा हितं एक होतेत."

"आणि ही तार?"

"गिअरची. ती अडकली तर बोट ना म्होरं जाती ना मागं."

आजचा बिघाड पेट्रोलच्या नळीचा निघाला. पट्टी सैल होऊन हवा शिरत होती. धोंडप्पांनी डायरीत टिपलं. आधीच्या नोंदी त्यांनी चाळल्या. कधी प्लगची वायर, कधी बॅटरीचं टोक, कधी पेट्रोलात पाणी. एकच दुखणं दोनदा नव्हतं. त्यांना नवल वाटलं. यंत्राची एखादी खोड असते, ते त्याच जागी पुन्हा अडतं. हे दर खेपेला नवीन जागा शोधत होतं.

चाचणी झाली. भीमानं आत हात घालून एकदा सगळं चाचपलं आणि झाकण लावलं. टँकर रिकामा परत न्यायचा असा नियम होता. उरलेलं पाणी ड्रायव्हरनं गावच्या हौदात सोडलं. तिथं घागरींची रांग आधीच लागलेली होती.

"तुमच्या गावाला टँकर येत नाही?" धोंडप्पांनी पंचफुलाबाईला विचारलं.

"न्हाई, सायेब. कागदावर आमी तळ्याकाठचे. यादीत नाव बसत न्हाई म्हणं."

"मग बोट बिघडली की बरंच पडतं तुम्हाला."

"पडतं की." तिनं त्यांच्याकडं सरळ पाहिलं. "पन मी नुसती किल्ली फिरवते. त्यातलं मला काय कळतंय?"

धोंडप्पा इंजिनाकडं वळले. त्यांनी इंजिनाच्या झाकणाला दोरी बांधली, लाख वितळवून तिच्यावर सील मारलं.

पुढच्या मंगळवारी सील जसंच्या तसं होतं. इंजिन लागलं नाही.

धोंडप्पा कितीतरी वेळ त्या लाखेकडं बघत बसले. मग चिठ्ठी पाठवली. भीमा आला, टँकर आला. दुरुस्ती झाली, पाणी हौदात गेलं. बाया पांगल्यावर त्यांनी भीमाला बोटीच्या सावलीत बसवलं.

"सील मी मारलं, पण तुम्ही झाकण लावल्यानंतर. आत शेवटचा हात तुमचा होता, मिस्त्री."

भीमा पाना पुसत राहिला.

"हाव, साहेब."

"गाव तुमचं आहे हे?"

"न्हाई. मी मुदखेडचा. तिथं रेल्वेच्या शेडात काम शिकलो. यंत्राला मुद्दाम कधी दुखावलं न्हाई." त्यानं पाना खाली ठेवला. "पैला बिघाड खरा होता. त्या दिशी चाचणी झाल्यावर पिंपातलं तेलकट पाणी मी भुईवर ओतलो. मागं वळून बघतो तर बाया चिखलातून वाटीनं भरून घेऊन राहिल्या होत्या."

"नोकरी जाईल, ठाऊक आहे?"

"ठाऊक हाय."

धोंडप्पांनी हात पुढं केला. "पेटी इथंच ठेवा. उद्यापासून या बोटीला हात लावायचा नाही. निलंग्याला रोडरोलर बंद पडलाय, तिकडं जा. तसं पत्र देतो."

भीमानं पेटी दिली आणि मान खाली घालून तो सडकेकडं चालू लागला. पंचफुलाबाई थोड्या अंतरावर उभी होती. तिला सगळं ऐकू गेलं होतं. तिनं रिकामी घागर उचलली, पण ती जागची हलली नाही.

मंगळवार उजाडला. पंचफुलाबाईनं किल्ली फिरवली आणि इंजिन एका दमात लागलं. तिनं लगेच ते बंद केलं.

"लागलं, सायेब," ती हळूच म्हणाली.

"ऐकलं मी. तुम्ही जा घरी."

ती गेली. गावाकडच्या वाटेवर आणखी चारजणी थांबल्या होत्या. तिनं त्यांना नुसती मान हलवून नाही म्हटलं आणि त्या तिच्यामागं परत फिरल्या.

दुपारी धोंडप्पा चौकशीचा कागद लिहायला बसले. 'मिस्त्री हलवला तरी बिघाड थांबत नाही. सबब त्याचा कसूर नसून दोष यंत्रातच आहे. आज गिअरची तार अडकली. हे काम नाजूक असल्याने यापुढे चाचणी दोनदा घ्यावी लागेल, तरी दोन टँकर पाठवावेत.' सही झाली. घडी घालण्याआधी त्यांनी दहाही बोटांचं ग्रीस फडक्याला नीट पुसून काढलं, नाहीतर ते कागदावर उमटलं असतं.